जुन्या बॉक्सस्टरच्या इंजिन-झाकणाचा गालिचा आणि इन्सुलेशन: गोव्याच्या हवेत टिकेल असं काम

प्रश्न डिचोलीहून आला आहे. गाडी २००१ ची पोर्शे बॉक्सस्टर, ९८६ मालिकेतली, कापडी छताची. सीटांच्या मागे, छताच्या घडीखाली जे इंजिनाचं झाकण आहे त्यावरच्या गालिच्याला कुबट वास येतो. खालचा फोम काळा, चिकट झालाय आणि त्याचा भुगा इंजिनावर पडलाय. आवाज आणि उकाडा दोन्ही वाढलेत. मालक विचारतात: परदेशातून तयार संच मागवावा की इथेच करून घ्यावं? छपराखाली लावतात ते बबल-फॉइल आणि सनमायका चिकटवायचं सोल्युशन चालेल का?

इथेच करून घ्या. बबल-फॉइल आणि सनमायकाचं सोल्युशन मात्र दोन्ही नकोत. कारणं पुढे येतीलच.

तयार संच मापाला बरोबर बसतो, हे खरं. पण त्यात बहुधा मोकळ्या छिद्रांचा फोम असतो, एका बाजूला पातळ फॉइल आणि चारी कडा उघड्या. कोरड्या देशात तो वर्षानुवर्षं टिकतो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मि.मी. पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि बाकीच्या महिन्यांत खारी हवा असते. उघड्या कडेचा फोम पहिल्याच पावसाळ्यात ओल ओढतो. म्हणून इथे सामान निवडताना आधी विचारा, हे पाणी पितं का. उष्णता किती सोसतं हे त्यानंतर.

जुना फोम का कुजला ते समजलं की नवा कसा निवडायचा ते आपोआप कळतं. कारखान्यातला हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेनचे दोन मोठे प्रकार आहेत, पॉलिएस्टर जातीचा आणि पॉलिईथर जातीचा. पॉलिएस्टर जातीच्या फोमची रेणूसाखळी ऊब आणि ओल एकत्र आली की पाण्यामुळेच तुटते. आधी तो चिकट होतो, मग बोट लावलं तरी भुगा होतो. पॉलिईथर पाण्याला जास्त टिकतो, पण उन्हानं आणि हवेतल्या ऑक्सिजननं ठिसूळ होतो. म्हणजे नवा आणलेला साधा पॉलियुरेथेन फोम, मग तो गादीवाल्याचा असो की गाड्यांच्या सामानाच्या दुकानातला, पुन्हा त्याच वाटेनं जाणार. शिवाय आगरोधक नसलेला असा फोम पेटला की भडकतो. इंजिनाच्या डोक्यावर तो नकोच.

पडलेला भुगा नुसता घाण दिसतो म्हणून काढायचा नाही. ९८६ मध्ये इंजिनाचा पट्टा सीटांच्या बाजूला, मागच्या भिंतीला लागून आहे. फोमचा चिकट तुकडा पट्ट्यावर पडला तर पुलीत जाऊन बसतो. आणि तेलानं भिजलेला फोम दिव्यातल्या वातीसारखं काम करतो. गळती जरा जरी असेल तरी ते तेल तो धरून ठेवतो आणि गरम भागाजवळ नेतो.

काम कधी करावं, हे आधीच ठरवा. दिवाळी झाल्यावर, मार्च संपायच्या आत. हा सोयीचा मुद्दा नाही, गोंदाचा आहे. कॉन्टॅक्ट गोंद लावल्यावर त्यातलं द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. दमट हवेत त्या थंड थरावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. गोंद वरून सुकल्यासारखा वाटतो, चिकटतोही, पण पकड वरवरची राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं सोलून येतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर गोंदाचं काम करू नका. पावसाळ्यात करणं भागच असेल तर एसी चालू असलेल्या बंद खोलीत, आणि झाकणाचा पत्राही आत दोन तास ठेवून खोलीच्या तापमानाला आल्यावर. अशा वेळी द्रावणाच्या वाफांसाठी थोड्या-थोड्या वेळानं खिडकी उघडा आणि जवळ ज्योत ठेवू नका. भिंतीवर लावायचं साधं आर्द्रतामापक यंत्र फार महाग नसतं. या कामात त्याचा उपयोग स्प्रेगनहून जास्त.

आता उघडणं. हँडब्रेक ओढा, छताची पुढची कडी सोडा आणि छत चालू करून मागचं मोठं झाकण हातभर उघडलं की थांबवा. किल्ली काढून खिशात ठेवा. ९८६ चं छत एका विजेच्या मोटरीवर आणि दोन फिरत्या केबलींवर चालतं. सांधे सोडलेले असताना कुणी चुकून बटण दाबलं तर एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि सांगाडा पिळतो. मग दोन्ही बाजूंच्या ताणाच्या केबली सोडा, झाकणाला ढकलणाऱ्या दांड्यांचे बॉल-सांधे सपाट पान्याला टेप गुंडाळून हळूच उचकटा. वाटी प्लॅस्टिकची असते आणि वीस-पंचवीस वर्षांची झालेली असते. ती सरळ वर उचलली तर निघते, तिरकी ओढली तर तडकते. दोघं जण असावेत. एकानं झाकण मागे धरायचं, दुसऱ्यानं छताचा मागचा भाग पुढे उचलून पट्ट्यानं बांधायचा. तुमची गाडी २००१ ची म्हणजे मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे (काच २००३ च्या मॉडेलपासून आली). तिच्या घडीत जुना मऊ टॉवेल घाला. सकाळच्या गारव्यात ती घडी घालू नका, ऊन पडून प्लॅस्टिक मऊ झाल्यावर घाला.

गालिचा पाव वळशाच्या खिट्ट्यांवर असतो. त्या फिरवून गालिचा उचला, मग पत्र्याचं झाकण सोडा. प्रत्येक खिट्टी कुठून निघाली याचा मोबाइलवर फोटो काढा. झाकण काढायच्या आधी एक गोष्ट जरूर करा. झाकणाभोवतीच्या रबरावर कागदाची पट्टी ठेवून झाकण बसवा आणि पट्टी ओढून पाहा. दर १० सें.मी. वर हा प्रयोग करा. पट्टी सहज सरकते तिथे रबर बसकं झालंय. हे रबर खराब असेल तर नवा गालिचा, नवा फोम, सगळं व्यर्थ. ध्वनीचं गणित कठोर आहे: एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी भोक उघडं राहिलं तरी भिंत कितीही जाड करा, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. आणि त्याच फटीतून गरम हवा आणि वायू आत येतात. छत बंद असताना ते श्वासात जातात, म्हणून रबर हा आवाजापेक्षा आरोग्याचा प्रश्न समजा. रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. फक्त कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन ग्रीस चोळा, पेट्रोलियम जेली नको, त्यानं रबर फुगतं.

झाकण निघालं की इंजिनाचा वरचा भाग लगेच जुन्या चादरीनं झाका आणि मगच भुगा काढायला लागा. हवा आत जाण्याची नळी सुटी असेल तर तिच्या तोंडावर टेप. भुगा व्हॅक्यूमनं ओढा, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, कारण उडालेला भुगा पट्ट्यात, कनेक्टरांत आणि अल्टरनेटरमध्ये जातो. तोंडाला एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेत. काळा चिकट फोम त्वचेला लागला की सहज जात नाही. पत्र्यावर चिकटलेला थर प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा, उरलेला चिकटपणा मिनरल टर्पेंटाइननं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोलनं पुसू नका. ते पेट घेतंच, शिवाय मागे तेलकट पापुद्रा सोडतं, त्यावर गोंद धरत नाही.

उघडलेलं असताना इंजिनाचा वरचा भाग नीट पाहून घ्या. तेल-वाफ वेगळी करणारा सेपरेटर आणि त्याची घडीची नळी, तेल भरायची नळी, थ्रॉटल बॉडी. या मालिकेच्या इंजिनात सेपरेटर जाणं ही माहीत असलेली तक्रार आहे. फोमवर तेलाचे डाग असतील तर ते कुठल्या जागेच्या वर होते ते पाहा, तीच जागा संशयाची. गळती आधी दुरुस्त करा, मग नवा फोम. इंजिनाच्या खोलीत हवा खेळवणारा एक छोटा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो पंखा चालतो का ते पाहून घ्या, आणि नवं इन्सुलेशन बसवताना सेन्सरवर किंवा हवेच्या वाटेवर काहीही येऊ देऊ नका. उकाडा वाढल्याचं कारण कधी-कधी फोम नसतो, तो बंद पडलेला पंखा असतो.

पत्र्याला चुंबक लावून पाहा. चुंबक धरलं तर पोलाद, नाही धरलं तर ॲल्युमिनियम. पोलादावर किनारपट्टीच्या हवेत फोमखाली गंज असणारच, विशेषतः खिट्ट्यांच्या भोकांभोवती. वायर ब्रशनं सुटा गंज काढा, फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, प्रत्येकानंतर डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या आणि शेवटचा हात पूर्ण २४ तास. ॲल्युमिनियम असेल तर पोलादी ब्रश वापरू नका, त्याचे कण रुतून बसतात आणि खाऱ्या हवेत तिथूनच पांढरी पावडर धरायला लागते. नायलॉनचा खरबरीत पॅड पुरे.

आता थर. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाच्या बाजूला एक, वरच्या बाजूला दुसरं. एकच सामान दोन्हीकडे लावण्याचा मोह टाळा.

इंजिनाच्या बाजूला मेलामाइन फोम, २० किंवा २५ मि.मी. जाडीचा. हा राखाडी किंवा पांढरा, अतिशय हलका फोम आहे. एक घनमीटरचं वजन जेमतेम १० किलो, म्हणजे २५ मि.मी. जाडीच्या एका चौरस मीटरचं पाव किलो. २०० अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता तो सोसतो, पेट धरत नाही, वितळून थेंब पाडत नाही. आवाज शोषण्यातही उत्तम. एक मोठा दोष: तो स्पंजच आहे, घरातल्या डाग पुसायच्या पांढऱ्या स्पंजाचाच भाऊ, आणि पाणी भरभरून पितो. म्हणून तो उघडा लावायचा नाही, गादीसारखा चारी बाजूंनी बंद करायचा. काचेच्या कापडावर चिकटवलेलं ॲल्युमिनियम फॉइल घ्या, एसीच्या डक्टवर लावतात तेच. नुसतं पातळ फॉइल पहिल्याच हाताळणीत फाटतं. फोम मापात कापा, कडकडीत उन्हात पूर्ण दुपार वाळवा आणि संध्याकाळचा दमटपणा उतरायच्या आत फॉइलमध्ये बांधून ५० मि.मी. रुंदीच्या ॲल्युमिनियम टेपनं सगळ्या सांध्या बंद करा. ओला फोम बंद केलात तर ती ओल कायमची आत राहील. टेप लावल्यावर लाकडी पट्टीनं घासून बसवा. हातानं दाबलेला टेप कडेनं उचलतो.

फॉइलची चकाकी इंजिनाकडे हवी आणि समोर हवेची फट हवी. स्वच्छ ॲल्युमिनियम किरणांच्या रूपानं येणाऱ्या उष्णतेचा बहुतेक भाग परतवून लावतं, पण गरम भागाला टेकलं तर ती उष्णता थेट आत वाहते. कमीत कमी २० मि.मी. अंतर ठेवा.

भोकं पाडलेलं फॉइल आवाज जास्त शोषतं, म्हणून काही जण तेच घ्या म्हणतात. कोरड्या प्रदेशात बरोबर आहे, गोव्यात नाही. त्या भोकांतून ओल आणि तेलाची वाफ दोन्ही आत जातात. अखंड फॉइलनं आवाजात थोडं नुकसान होतं, ते स्वीकारा.

आता बबल-फॉइलचं. त्याचे फुगे पॉलिथिनचे असतात. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं अभिसरण आणि वाऱ्याचा झोत दोन्ही थांबतात, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं झाकणाखालचं तापमान कमी होण्याऐवजी वाढत जातं. त्या वेळी पॉलिथिन मऊ पडतं, फुगे बसतात, आणि आगीला तर ते इंधनच. छपराच्या पत्र्याखाली ते चांगलं काम करतं, इंजिनावर नाही. छपराखालची फॉइल लावलेली पॉलिथिन फोमची गुंडाळी त्याच कारणानं बाद. काचलोकर आणि रॉकवूल उष्णता मस्त सोसतात, पण ओली झाली की आठवडे सुकत नाहीत, आणि गाडीच्या हादऱ्यांनी सुटलेले तंतू हवेबरोबर केबिनमध्ये येतात.

कुठलाही फोम घेतलात तरी जाळून पाहा. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, मोकळ्या अंगणात, जवळ पाण्याची बादली. लायटर दहा सेकंद लावून काढा. चांगला फोम काळा पडून लगेच विझतो. जळत राहिला किंवा जळते थेंब पाडले तर परत करा. दुकानदार ‘फायर रिटार्डंट’ म्हणतो तेव्हा बहुधा गाडीच्या आतल्या सामानाची कसोटी सांगत असतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या प्रसिद्ध कसोटीत सामान मिनिटाला १०२ मि.मी. वेगानं जळलं तरी पास होतं. गालिच्याला ते ठीक, इंजिनाच्या डोक्यावरच्या फोमला अपुरं. तिथे यूएल ९४ या ज्वलन-कसोटीतला व्ही-० किंवा फोमसाठीचा एचएफ-१ दर्जा मागा.

चिकटवणं. सनमायकाचं सोल्युशन उन्हात तापलेल्या दारावरही सोडतं, इंजिनावर तर सोडणारच. डब्यावर कमीत कमी १२० अंश सेल्सियस लिहिलेला, गाडीच्या छताचं अस्तर चिकटवायचा निओप्रीन जातीचा गोंद घ्या. पण फोमचा भार गोंदावर ठेवू नका. गोंद जागा धरण्यासाठी, भार पिनांवर. एसीचं डक्ट इन्सुलेशन करणारे चौकोनी बूड असलेल्या ॲल्युमिनियमच्या पिना वापरतात. त्याचं बूड इपॉक्सीनं पत्र्याला चिकटवा, एक दिवस सुकू द्या, फोमची गादी पिनांत खोचा आणि वरून चकती दाबा. पिना १५० मि.मी. अंतरावर, कडेच्या ५० मि.मी. आत. पाऊण चौरस मीटरच्या झाकणाला तीस-पस्तीस पिना लागतात, चाळीस घेऊन ठेवा. पिनेनं फॉइलला पडलेलं भोक चकतीखाली टेपच्या छोट्या चौकोनानं बंद करा. पिनेचं उरलेलं टोक कापून गुळगुळीत घासा, नाहीतर वायरिंगचं आवरण कापतं. चकती दाबताना फोम चेपू नका. चेपलेल्या फोमात ना हवा राहते ना गुण.

आणि पिना चिकटवण्याआधी झाकण कोरडंच एकदा बसवून पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला चार-पाच ठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे लावा, झाकण बसवा, काढा. गोळा चपटा झाला तिथे तेवढीच जागा आहे. त्या ठिकाणी फोम १० मि.मी. पर्यंत पातळ करा.

वरच्या बाजूला, म्हणजे गालिच्याखाली, वेगळी गोष्ट. तिथे उष्णता कमी, ओल जास्त. मूळ गालिच्यामागे असतो तसा फोम किंवा नमदा नको, ज्यूट तर मुळीच नको. ज्यूट गोव्यात दोन पावसाळ्यांत कुजतो. इथे बंद छिद्रांचा नायट्रिल रबर फोम घ्या, एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर काळा असतो तोच, शीटच्या रूपात. मडगाव, म्हापसा, पणजी, फोंडा, कुठल्याही एसी सामानाच्या दुकानात मिळेल किंवा मागवून देतील. त्याची मर्यादा साधारण १०५ अंश, म्हणून इंजिनाच्या बाजूला त्याला नेऊ नका, पण वर तो उत्तम: पाणी पीत नाही आणि उंदरांना पॉलियुरेथेन फोमइतका आवडत नाही. पावसाळ्यात बागेजवळ उभ्या गाडीत उंदीर घर करतात, ही कुळागराजवळ राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. जाडी ९ किंवा १० मि.मी. त्याहून जाड नको, आणि त्याचं कारण छत आहे.

छताची घडी याच झाकणावर येऊन बसते. गालिचा आणि खालचा थर मिळून मूळ जाडीपेक्षा ५-६ मि.मी. जरी वाढली तरी सांगाडा टेकतो, मोटर कण्हते, आणि प्लॅस्टिकच्या खिडकीवर वळ उठतो. मूळ जाडी जुन्या गालिच्याच्या मध्ये मोजू नका, तिथे तो बसलेला असतो. कधीच दाब न आलेल्या कोपऱ्यात मोजा.

पत्र्याच्या खडखडाटासाठी नायट्रिलच्या खाली २ मि.मी. ची ब्युटाइल रबराची शीट, पण पूर्ण झाकणावर नाही. मोठ्या सपाट भागांच्या मधोमध, एकूण ३० ते ४० टक्के. पत्रा बोटानं वाजवा. ‘टण्ण’ वाजतो तिथे लावा, ‘ठक्क’ वाजतो तिथे गरज नाही. एका चौरस मीटरला ही शीट तीन किलोच्या वर भरते, तेव्हा सगळीकडे लावून वजनाशिवाय काही मिळत नाही. स्वस्त काळी शीट डांबराची असते. झाकण तापलं की ती वितळून घसरते आणि वास मारते. वास घेऊन ओळखा: नव्या रस्त्यासारखा वास आला तर डांबर.

गालिचा पूर्ण कृत्रिम धाग्याचा हवा. लोकर मिसळलेला गालिचा इंग्लिश गाड्यांना शोभतो, इथे त्याला बुरशी धरते. सुईनं ठोकलेला पॉलिप्रॉपिलीन गालिचा, ४-५ मि.मी. जाड, रंग धाग्यातच मिसळलेला, म्हणजे उन्हानं विटत नाही. उघड्या छताच्या गाडीला हे महत्त्वाचं. रुंद पन्ह्याचा एक मीटर पुरतो, पण कोपऱ्यांच्या तुकड्यांसाठी आणि मागच्या भिंतीसाठी दोन मीटर घ्या. पुढच्या वर्षी त्याच रंगाचा तुकडा मिळेलच असं नाही.

जुना गालिचा नमुना म्हणून वापरा, पण सरळ त्यावरून कापू नका. तो आक्रसलेला असतो. त्याखाली खाकी कागद पसरून आकार काढा, कागद झाकणावर ठेवून खिट्ट्यांच्या जागा पेन्सिलनं दाबून उमटवा आणि कडेला जिथे कमी भरतो तिथे वाढवा. कागदावर ‘वर’, ‘पुढे’, ‘डावा’ असं लिहा. लव कुठल्या दिशेला झुकते ते बाणानं दाखवा आणि सगळे तुकडे त्याच दिशेनं कापा, नाहीतर एकाच गालिच्याचे दोन रंग दिसतात. खिट्ट्यांची भोकं कातरीनं पाडू नका. तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीनं पाडा, म्हणजे धागे वितळून कड बंद होते.

कडेला बाइंडिंग हवंच. २५ ते ३० मि.मी. रुंद रेक्झिनची पट्टी, ४ मि.मी. चा टाका, ११० नंबरची म्हणजे १८ ची सुई, आणि धागा पॉलिएस्टरचा. नायलॉन धागा मजबूत असला तरी उन्हानं तो लवकर मरतो. घरच्या मशीनवर हे होणार नाही. सीटकव्हर शिवणाऱ्याकडे ‘वॉकिंग फूट’चं, म्हणजे दाबाचा पाय कापडाबरोबर पुढे सरकणारं जड मशीन असतं, तिथे न्या. नौकांच्या गाद्या शिवणारा कारागीर जवळपास असेल तर तो उत्तम, कारण खारं पाणी आणि ऊन सोसणारा धागा त्याच्याकडे आधीच असतो. कोपऱ्यात पट्टीला ‘व्ही’ आकाराच्या चिरा द्यायला सांगा, नाहीतर कोपरा चुणतो आणि खिट्टी बसत नाही.

गालिचा नायट्रिलला चिकटवा, पण झाकणाच्या पत्र्याला चिकटवू नका. नायट्रिल आणि गालिचा मिळून एक सुटी चटई राहू द्या, खिट्ट्यांवर बसणारी. पावसाळ्यात ती दोन मिनिटांत काढून उन्हात टाकता आली पाहिजे.

सीटांमागच्या भिंतीला हेच थर, फक्त इंजिनाच्या बाजूला हात जात नसेल तर तिकडचं मूळ इन्सुलेशन तपासून ठेवा आणि केबिनच्या बाजूनं नायट्रिल लावा. तिथला पट्ट्याचा झाकण-पत्रा वेगळा सुटा राहिलाच पाहिजे. त्यावर अखंड शीट लावून टाकली तर पुढच्या वेळी पट्टा बदलायला आलेला मेस्त ती फाडणार. त्याच्या कडेनं कापून त्या तुकड्याला स्वतंत्र ठेवा. सहा मि.मी. च्या बोल्टांना १० न्यूटन-मीटर पुरे, त्याहून ताणू नका.

सगळं बंद करण्याआधी पाण्याच्या वाटा. गालिचा ओला होण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा इथेच असतं. मागच्या मोठ्या झाकणाखाली, छताच्या सांध्याजवळ दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची भोकं आहेत आणि ते पाणी मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. समुद्राजवळ सुरूच्या सुया त्यात अशा बसतात की वरून भोक स्वच्छ दिसतं आणि आत गच्च असतं. बागेजवळ आंब्याची-काजूची पानं आणि तांबडी माती. भोक तुंबलं की पाणी केबिनमध्ये जातं आणि सीटखाली असलेल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या डब्यात शिरतं. मग गाडी सुरूच होत नाही, आणि तो खर्च या सगळ्या गालिच्याच्या खर्चाच्या कितीतरी पट. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, दोन-अडीच मि.मी. जाडीची, टोक लायटरनं गोल करून हळूहळू आत घाला. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतली नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी कुठे जातंय ते शोधत बसावं लागतं. शेवटी तांब्याभर पाणी ओता. दोन्ही बाजूंना सारख्याच वेगानं खाली आलं पाहिजे.

छत परत जोडताना आधी दोन्ही बॉल-सांधे, मग ताणाच्या केबली, मग किल्ली. पहिल्यांदा छत चालवताना दहा-दहा सेंटीमीटरवर थांबून दोन्ही बाजू पाहा. मोटरीचा आवाज जड झाला तर थांबा, काहीतरी टेकतंय.

फरक मोजायचा असेल तर इन्फ्रारेड तापमापक चकचकीत फॉइलवर रोखू नका. फॉइल स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, त्यामुळे आकडा खोटा, बराच कमी दिसतो. त्यावर काळ्या टेपचा चौकोन लावा आणि त्यावर मोजा. इंजिन बंद केल्यावर वीस मिनिटांनी गालिच्यावरचा आकडा, कामाच्या आधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर तेवढंच अंतर चालवून.

पहिल्या १०० कि.मी. नंतर झाकण उघडून पिनांच्या चकत्या आणि टेपच्या कडा तपासा. त्यानंतर दरवर्षी दोनदा: मे अखेरीस, मृगाच्या आधी, पाण्याच्या वाटा आणि रबर; आणि चवथ झाल्यावर पहिल्या कडक उन्हात चटई काढून दिवसभर उलटी वाळवा. तेव्हाच फॉइलच्या गादीला बोटानं दाबून पाहा. हलकी आणि लवचीक लागली तर कोरडी आहे. जड लागली किंवा दाबल्यावर हळू वर आली तर कुठेतरी टेप सुटलाय. ती गादी काढा, सगळ्यात खालची सांध उघडा, दोन दिवस वाळवा आणि नव्या टेपनं बंद करा.